एकेचाळीस प्रश्न घेऊन शेंदूरजनाघाट ते अकोला

मी वऱ्हाडात गेले ती संत्र्याच्या बागा बघायला नव्हे, हे आधीच सांगून टाकते. सहलीची आखणी करणाऱ्यांना उपयोगी पडेल असं यात पुष्कळ आहे. बस कुठून सुटते, काय खावं, उन्हात सोबत काय ठेवावं, सगळं लिहिलंय. पण मी गेले ती एका फॉर्मपायी. फॉर्म एकेचाळीस प्रश्नांचा होता आणि त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं नाशिकला बसून देता येत नव्हती.

माझा आणि माझी धाकटी जाऊ सुनंदा हिचा नाशिकला एक छोटा धंदा आहे. संत्र्याचा मुरंबा आणि संत्र्याच्या सालीची कँडी. छोटा म्हणते, पण त्या वर्षी तो एकदम आवाक्याबाहेर वाढायच्या बेतात होता. सुरुवात झाली ती अकोल्याला. माझे यजमान बँकेत होते, दोन वर्षं तिकडे बदली होती. जुन्या शहरात शमीमआपांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मुरब्बा करतात, आवळ्याचा, पेठ्याचा, संत्र्याचा. मी त्यांच्या हातची साल एकदा तोंडात टाकली आणि नाशिकला परतताना दोन डबे घेऊन आले. शेजारणींनी ते संपवले. मग दहा मागवले, मग पन्नास. पुढे असं ठरून गेलं की संत्री शेंदूरजनाघाटच्या एका शेतकऱ्याकडून अकोल्याला जायची, शमीमआपा आणि मोहल्ल्यातल्या आठ बायका माल तयार करायच्या, आणि नाशिकला आम्ही तो बाटल्यांत भरून विकायचा.

त्या वर्षी मोठ्या दुकानांच्या एका साखळीने आमचा माल ठेवायची तयारी दाखवली. अट एकच, शाश्वत उत्पादनाचं प्रमाणपत्र हवं. त्यासाठी आम्ही एक सल्लागार धरला, त्याने फॉर्म पाठवला. सुनंदा म्हणाली, "वहिनी, तुम्हीच जा. तुमचं तिथे येणं-जाणं आहे. माणसं तुमच्याशी बोलतील."

माणसं बोलली. तेच तर झालं.

पहिला दिवस: बडनेरा, अमरावती, वरूड

नाशिकरोडहून संध्याकाळी गाडी धरली की सकाळी बडनेऱ्याला उतरता येतं. अमरावतीचं मुख्य रेल्वे ठिकाण बडनेराच समजा. बाहेर ऑटो उभ्याच असतात, शेअरने गेलात तर स्वस्त पडतं. अमरावतीत उतरल्यावर गिलावडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. मऊ वडा, वर दही, चिंचेचं पाणी. मी सकाळी आठ वाजता खाल्ला आणि दुसरा मागवला. टपरीवाल्याने "वरून सांबार टाकू काय?" असं विचारलं, तेव्हा मी नको म्हणाले, कारण मला वाटलं इडलीबरोबरचं सांबार. अकोल्यात दोन वर्षं काढूनही विसरले होते, इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

वरूडची एसटी अमरावतीच्या मुख्य स्थानकावरून सुटते, मोर्शीमार्गे. अडीच तास धरा, मला साडेतीन लागले, कारण रस्ता रुंद करायला खोदून ठेवला होता. मार्च अर्धा उलटला होता. खिडकीची काच लावली तर भाजायला होत होतं, उघडली तर तोंडात धूळ. ओला पंचा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि कांदा, हे बरोबर ठेवा. कांद्याचं मला शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं आणि आपल्या पिशवीतला एक काढून दिलाही.

मोर्शी सोडलं की दोन्ही बाजूंना बागा सुरू होतात. मागे सातपुड्याची निळी रांग, पुढे गडद हिरवी गोल झाडं, फोटोत असतात तशीच. मी खूश होऊन फोन बाहेर काढला. पाच मिनिटांनी खाली ठेवला. हिरव्याच्या मध्येच करडे पट्टे लागत होते. झाडं उभी होती, पानं गेलेली. कुठे नुसते बुंधे. रस्त्याकडेला तोडलेल्या फांद्यांचे ढीग होते आणि एक ट्रॅक्टर ते भरत होता.

"जळतन हाय," शेजारच्या बाई म्हणाल्या. "वीटभट्टीवाले नेतात. संत्र्याचं लाकूड चांगलं पेटते."

दुसरा दिवस: मनोहरभाऊंची बाग

वरूडला बसस्थानकाजवळ साधे पण स्वच्छ लॉज आहेत. शेंदूरजनाघाटला वरूडहून काळीपिवळी जीप मिळते. दहा जण बसल्याशिवाय सुटत नाही, दहावी मी होते.

मनोहरभाऊ हे आमचे संत्रीवाले. सहा वर्षं फोनवर बोललो, भेट पहिलीच. साठीचे, उंच, डोक्याला उपरणं. आवाज फोनवर मोठा वाटायचा, समोर त्याहून मोठा.

"या ताई. उन्हाच्या कायले आल्या? सकाळी याचं अस्तं."

त्यांच्या बागेत साडेतीनशे झाडं आहेत असं माझ्या डोक्यात होतं, कारण फॉर्मवर मी तेच लिहिलं होतं. आत गेले तर मधोमध मोठं रिकामं मैदान. खड्डे बुजवलेले, माती अजून वेगळ्या रंगाची.

"झाडं?"

"तोडले. दीडशे."

"कुणी?"

"मीच. दुसरा कोण तोडन?" ते हसले. "पाणी दोनशे झाडाइचं होतं ताई. साडेतीनशेइले थोडं थोडं पाजलं अस्तं तं साडेतीनशे वाळले अस्ते. पयले म्हातारे काढले. मंग डिंक्या लागलेले. मंग जे हाताशी आले थे."

डिंक्या म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, त्यात झाड हळूहळू मरतं. उरलेल्या दोनशे झाडांखाली त्यांनी वाळलेल्या गवताचा जाड थर पसरला होता, म्हणजे ओल उडत नाही. ठिबकची नळी होती, पण एक दिवसाआड फक्त तासभर चालायची. विहीर दाखवली. तळाशी दगड दिसत होते आणि एका दगडावर कबुतर बसलं होतं. दोन बोअरपैकी एक आटलेला. तिसरा मारला नाही.

"का नाही मारला?"

"खाली हाय काय? असलं तरी थे माह्या एकट्याचं हाय काय?"

त्यांच्या पत्नी कांताबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "झाडं तोडली त्या दिवशी हे जेवले नाही. म्हणे डोकं दुखते. डोकं कायचं दुखते!"

मग मी फॉर्म काढला. सतरावा प्रश्न रासायनिक औषधांचा होता. मनोहरभाऊ उठले, कोठीत गेले आणि रिकामं पाकीट घेऊन आले.

"हे. डिंक्याचं. वर्षातून एक डाव बुडाले पाजतो. फळावर नाही. लिहून घ्या नाव."

मी पेन हातात धरून बसले. हे लिहिलं की काय होणार हे मला माहीत होतं. म्हणून म्हणाले, "भाऊ, हे नाही लिहिलं तरी चालेल."

हे मी म्हणाले, माझ्याच तोंडाने. त्यांनी पाकीट माझ्यासमोर सरळ करून ठेवलं, म्हणजे नाव नीट वाचता यावं.

"लिहा जी. उद्या कोणी येऊन पायलं तं तुमचं नाव खराब होईन. आमचं काय हाय."

मी लिहिलं. दुपारी त्यांच्याकडे जेवले. वांग्याचं भरीत, भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि शेवटी सोललेलं संत्रं. मृग बहराचा शेवट चालला होता, फळ लहान पण इतकं गोड की मी न बोलता तीन खाल्ली. परत येताना बांधावरून सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, "मग हा शेतकरी घेता येणार नाही, मॅडम. औषध थांबवल्यापासून तीन वर्षं जावी लागतात. पण तुमचं नशीब चांगलं, त्याच गावात एक प्रमाणित गट आहे. यादी पाठवतो."

यादीतलं पहिलंच नाव मनोहरभाऊंच्या बांधाला लागून असलेल्या बागेचं निघालं.

तिसरा दिवस, सकाळ: बांधापलीकडे

त्या बागेचा मालक संदीप, तिशीतला, शेतीची पदवी घेतलेला. वाचकांना आता वाटेल की हा खलनायक. तो नाही. मलाही तो खलनायक निघाला असता तर बरं वाटलं असतं. त्याने दारात बूट काढायला लावले, पाणी दिलं, ताज्या संत्र्यांचा रस दिला. गोठ्यात सहा गाई. शेणखत, गोमूत्र, घरीच केलेली औषधं. वही इतकी नीट की कोणत्या तारखेला कोणत्या ओळीला काय घातलं ते सगळं लिहिलेलं. बाहेरचं रसायन तीन वर्षांत एक थेंब नाही, आणि ते खरं होतं हे झाडांकडे बघून कळत होतं.

बागेच्या टोकाला शेततळं होतं. काळ्या प्लास्टिकचं अस्तर, काठोकाठ पाणी, वाऱ्याने बारीक लाटा, तारेवर खंड्या बसलेला. दोन दिवस फुफाट्यात काढल्यावर ते पाणी बघून मी तिथेच बसले. खाली तिसरा फोटो आहे तो याच तळ्याचा. फोटो फार सुंदर येतात तिथे.

"पावसाचं पाणी?" मी विचारलं.

"नाही मॅडम, बोअरचं. उन्हाळ्यासाठी साठवून ठेवतो."

"किती बोअर आहेत?"

"अकरा मारले. तीन चालू हायेत. शेवटचा नऊशे फुटाच्या वर गेला."

मी फॉर्ममधला तेविसावा प्रश्न काढला. पाण्याचा स्रोत कोणता? पुढे चार चौकटी होत्या. विहीर, बोअर, कालवा, पाऊस.

"तपासणीला आले तेव्हा तुम्ही हे सांगितलं होतं?"

"त्यानं विचारलं, पाणी कुठचं. मी म्हटलं बोअरचं. त्यानं बोअरवर खूण केली. किती फूट हे विचारलंच नाही. विचारलं अस्तं तं सांगतलं अस्तं. लपवाचं काय हाय त्याच्यात?"

मी बांधाकडे बघितलं. तिथून मनोहरभाऊंचं रिकामं मैदान स्पष्ट दिसत होतं. संदीपने ते ओळखलं.

"काकांची विहीर आटली त्याचं मले वाईट वाटते मॅडम. पण मी बंद केलं तं पलीकडचा ओढन. सगळे थांबतीन तं मी आज थांबतो. एकटा थांबून काय करू?"

मी बोअरच्या चौकटीत खूण केली. वर्षातून एकदा औषध पाजणारा, पण पाणी पुरावं म्हणून दीडशे झाडं स्वतः कापणारा माणूस शाश्वत नाही आणि नऊशे फुटांवरून पाणी उपसून तळं भरणारा शाश्वत आहे, असं आता आमच्या कागदावर आलं होतं आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. निघताना संदीपने पिशवीभर संत्री दिली. तीही गोडच होती.

तिसरा दिवस, दुपार: मूर्तिजापूर

वरूडहून परत अमरावती, बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणारी पॅसेंजर. मूर्तिजापूरला मुद्दाम उतरले, शकुंतला रेल्वेचा जुना अरुंद रूळ बघायला. पुष्कळ जण माझ्या ब्लॉगवर त्याबद्दल विचारतात. मी गेले तेव्हा गाडी बंद होती. रुळांत गवत, त्यात शेळ्या. फलाटावर एक बाई बोरं विकत होती, तिला एका प्रवाशाने विचारलं, "मावशी, शकुंतला कधी येते?"

"येईन ना. आली का दिसनच," ती म्हणाली आणि त्याला पावशेर बोरं बांधून दिली.

स्टेशनबाहेर आलुबोंडा आणि तर्री खाऊन पुढची गाडी धरली. अकोला इथून तासाभराच्या आत येतं. वेळ कमी असेल तर मूर्तिजापूर वगळलं तरी चालेल.

चौथा आणि पाचवा दिवस: अकोला, जुने शहर

मोर्णा नदीवरचा पूल ओलांडला की जुनं शहर. नदीत पाण्यापेक्षा जलपर्णी जास्त. पुढे गल्ल्या इतक्या अरुंद की ऑटोवाला म्हणतो, आता चाला. अत्तरं, बांगड्या, भांडी, कापूस पिंजणाऱ्यांची दुकानं. शमीमआपांचं घर आतल्या बाजूला आहे, पण पत्ता लागत नाही असं होत नाही. साखरेच्या पाकात शिजणाऱ्या सालीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो.

आपा पासष्टीच्या. बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला बघून पहिलं वाक्य, "किती वाळली तू! नाशिकले जेवाले नाही भेटत काय?"

अंगणात दोन मोठ्या कढया, गच्चीवर जाळीखाली वाळत घातलेल्या साली. आठ बायका, दोन त्यांच्या सुना, बाकी शेजारच्या. कुणी साली सोलत होती, कुणी आतलं पांढरं चमच्याने खरवडत होती. एकीचं तान्हं बाळ झोळीत. दुपारी कुणाला घरी जाऊन भाकऱ्या टाकायच्या असतील तर ती टाकून परत यायची. आपा कुणाला विचारत नसत की किती वेळ लावलास.

एकतिसावा प्रश्न होता, 'उत्पादन प्रक्रियेची प्रत्येक पायरी वेळ व प्रमाणासह लिहा.' मी आपांना समजावून सांगितलं की हे लिहिलं तर प्रमाणपत्र मिळायला सोपं जाईल. त्यांनी कढईतली साल एकदा परतली. त्यांच्या घरातली ही पद्धत सुना सोडून कुणाला सांगितलेली नव्हती. मीसुद्धा सहा वर्षं तयार मालच नेत होते. मग म्हणाल्या, "लिही. पण मले मिनिटं-गिनिटं समजत नाही. तू पाह्य अन् तूच लिही."

तो सगळा दिवस मी कढईशेजारी बसले, मांडीवर वही, एका हातात फोनचं घड्याळ, पुढ्यात वजनकाटा. आपा ओंजळीने मीठ टाकायच्या, मी ती ओंजळ आधी काट्यावर ठेवायला लावायची. चुन्याच्या निवळीत साल किती वेळ, पहिलं पाणी कधी फेकायचं, दुसरं कधी. दुसरं पाणी त्यांनी सगळं फेकलं नाही, एक वाटी बाजूला ठेवलं.

"हे कशाला?"

"पाकात टाकाले. थोडी कडू राह्यली पाहिजे साल. नाही तं संत्रं काय अन् भोपळा काय, सारखंच." मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे माह्या सासूनं मले लग्नानंतर पाच वर्षांनं सांगतलं."

"हे पण लिहू?"

"लिही ना. सर्टिफिकेट आमालेच भेटणार ना?"

"हो, आपा."

तेव्हा मी खरं बोलत होते, म्हणजे मला तसंच वाटत होतं. अंगणाचे, गच्चीचे, कढयांचे फोटो काढून मी सल्लागाराला पाठवले. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. घरातलं काम चालणार नाही. एका छताखाली वेगळी जागा हवी, भिंतींना फरशी, खिडक्यांना जाळ्या, कामगारांची हजेरी, लहान मूल आत नको. त्यापेक्षा नाशिकजवळ एक मान्यताप्राप्त कारखाना आहे, तिथे करून घ्या.

मी आपांना फक्त जागेबद्दलचं सांगितलं. कारखान्याचं सांगितलं नाही.

मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी उलट सुनेला बोलावलं, गच्चीवर नेलं आणि पावलांनी मोजून दाखवलं. "इथं खोली निघते. माहा भाचा गवंडी हाय. फरशी लावू, जाळ्या लावू. नळ इथं. पोरीच्या बाळाले खाली माही सून पाह्यन. तीन महिने दे मले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण बेटा, तू मले लिहून दे. तीन वर्षं माल घेशील असं. खोली बांधून तू आली नाही तं मी त्या फरशीचं काय करू?"

इतकं साधं, बरोबर मागणं मला कुठल्याच बैठकीत कुणी मागितलेलं नव्हतं. मी खाली येऊन दुकानांच्या साखळीतल्या खरेदी अधिकाऱ्याला फोन केला. आम्हाला तीन वर्षांची हमी देता का, म्हणून विचारलं. तो चांगला हसून म्हणाला, "मॅडम, आम्ही लेखी कुणालाच देत नाही. माल चालला तर ठेवतो." मनोहरभाऊंनी लिहून द्यायचं, आपांनी लिहून द्यायचं, आम्ही एकेचाळीस उत्तरं लिहून द्यायची. सगळ्यात वर जो बसलाय त्याने काहीच लिहायचं नाही.

"बघते, आपा," एवढंच मी म्हणाले. त्यांनी वाटेत खायला नानकटाई बांधून दिली. अकोल्याहून नाशिकला दुपारच्या गाड्या सोयीच्या आहेत, आरक्षण मात्र आधी करा.

घरी

सुनंदाने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "वहिनी, गेल्या वर्षी आपली विक्रीची प्रदर्शनं तीनच झाली, दुकानांशिवाय भागणार नाही. इथे सहा बायका बाटल्या भरतात, त्यांना मी काय सांगू? तीन महिने ते दुकानवाले थांबतील का?" थांबणार नव्हते, ते मलाही माहीत होतं. दोन दिवस आम्ही त्याच त्या गोष्टी बोललो. तिसऱ्या दिवशी मी सल्लागाराला होकार कळवला. संत्री संदीपच्या बागेतली, काम नाशिकच्या कारखान्यात.

कारखान्याच्या माणसाने प्रक्रियेचा कागद मागितला. तो मीच दिला. सुनंदाने नाही, सल्लागाराने नाही. वहीतून फेअर करून, मिनिटं आणि ग्रॅम घालून, दुसऱ्या पाण्याच्या वाटीसकट.

मनोहरभाऊंना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "संदीपकडून घेता? बरं झालं जी. गावातच राह्यलं." कांताबाईंनी पुढे कळवलं की उरलेली फळं व्यापाऱ्याला दिली आणि पन्नास झाडं आणखी गेली.

आपांना सांगायला मी आठवडा लावला. त्यांनी ऐकून घेतलं. एकदाच म्हणाल्या, "काहून? मी खोली बांधतोच म्हटलं ना." मी दुकानांचं, मुदतीचं सांगत राहिले. मग त्यांनी विचारलं, "अन् थो कागद?"

"कोणता?"

"मी सांगतलं अन् तू लिहिलं थो. फाडून टाक बेटा. आता त्याचं काही काम नाही ना."

त्या वेळी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून कारखान्यात कढईच्या वर भिंतीला लावलेला होता. मी आदल्याच दिवशी बघून आले होते.

"हो, आपा," मी म्हणाले. "फाडते."

प्रमाणपत्र आलं. माल चालला. आता तीन शहरांत मिळतो, बायका सहाच्या अकरा झाल्या, सुनंदाने टेम्पो घेतला. काही बिघडलं नाही. कुणी तरी येऊन आपल्याला जाब विचारेल असं मला बरेच दिवस वाटत होतं, तसं कुणी आलं नाही. प्रवासाचं लिहायला घेतलं की मी शेततळ्याच्या फोटोपाशी थांबायची, म्हणून हा लेख दीड वर्ष अर्धवट पडून होता. छोटा धंदा वाढवताना असा शिक्का घ्यावा की नाही, असं मला आता लोक विचारतात, कारण आमच्याकडे तो आहे. मी त्यांना फॉर्म कसा भरायचा ते सांगते. याहून जास्त काही सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं.

गेल्या आठवड्यात मात्र मी अकोल्याला फोन लावला. आपांनीच उचलला. तब्येत, सुना, नातवंडं, सगळं विचारून झालं. त्यांचं काम चालू आहे, आता अकोल्यातच विकतात, पाच बायका उरल्यात. मग मी म्हणाले, "आपा, तो कागद मी फाडला नव्हता. मी तो कारखान्याला दिला."

"मले माहीत हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगन?" त्या म्हणाल्या. "तवा 'हो' म्हणायले तू लय वेळ लावला होता."

मी पुढे काही बोलणार, एवढ्यात मागून कुणी तरी त्यांना हाक मारली. "कढई उतू जाऊन राहिली," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.